उसनं कार्ड

छत्री उलटी झाली नसती तर अनुजा त्या दुकानाची पायरी चढलीच नसती. विचार होता डोक्यात, नाही असं नाही. पण नुसत्या विचाराने काय होतं? कितीदा तरी समोरून गेली, पाटी वाचली आणि परत फिरली. त्या मंगळवारी मात्र कुडाळच्या एसटी स्टँडसमोर असा काही वारा सुटला की छत्रीच्या काड्या आभाळाकडे तोंड करून उभ्या राहिल्या, आणि बाईसाहेब निथळत्या ओढणीसकट थेट आत!

आत एक तरुण बसला होता. दातांत स्क्रू-ड्रायव्हर, पुढ्यात उघडून ठेवलेला कॉम्प्युटर. त्याने मान वर करून तिच्याकडे पाहिलं, मग छत्रीकडे पाहिलं.

"छत्री दुरुस्त होत नाही हो इथे."

"कॉम्प्युटर होतो ना?"

"होतो. नवा जोडूनपण मिळतो." त्याने स्क्रू-ड्रायव्हर काढून ठेवला. "कशासाठी पाहिजे? अभ्यास? ऑफिस?"

"गेमसाठी."

"कोण खेळणार?"

"माझे बाबा."

आता हा हसणार, असं तिला वाटलं. तो हसला नाही. उलट त्याने स्टूल पुढे सरकवलं.

"कुठला गेम खेळणार बाबा?"

"होडी चालवायचा. खरी वाटली पाहिजे होडी. लाटा खऱ्या... पाणी खरं..." बोलता बोलता तिला स्वतःचीच लाज वाटली. किती पैसे आहेत तेही तिने हळूच सांगून टाकलं.

त्याने कान खाजवला. "एवढ्या पैशांत लाटा येतील. फेस यायचा नाही."

"फेस हवाच!"

ती इतक्या तडफेने म्हणाली की दोघंही हसली. मग तो एकदम म्हणाला, "खंयचे तुमी?"

"देवबाग."

"मगे इतक्या वेळ पुस्तकासारख्या कित्याक बोलतंव आपण? मी वालावलचो. कौस्तुभ." त्याने हात पुसला आणि मग नमस्कारच केला. "आमच्या घराच्या मागसून जा पाणी जाता, ता तुमच्या दाराशी दर्याक मिळता. म्हंजे आपण शेजारीच की!"

झालं. बोली बदलली की कोकणातला माणूस अर्धा घरचाच होतो. अनुजाने ओढणी पिळली, काखेत धरलेली दवाखान्याची फाइल कोरडी आहे ना ते पाहिलं, आणि स्टुलावर बसली.

त्या फाइलीचं आधी सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं काहीच कळायचं नाही.

अनुजाचे बाबा म्हणजे सत्यवान तांडेल. होडीचा म्होरक्या तो तांडेल, आणि देवबागेत तांडेल म्हटलं की लोक यांचंच नाव घ्यायचे. खाडीच्या तोंडाशी वाळू यंदा कुठे सरकली ते पाण्याच्या रंगावरून सांगणारा माणूस. साखरेने त्याची मूत्रपिंडं खाल्ली. मग मंगळवार-शुक्रवार कुडाळच्या दवाखान्यात नेऊन डाव्या हातात जाड सुया टोचायच्या, रक्त मशीनमधून धुऊन परत आत सोडायचं, हेच आयुष्य. शहाळं बंद, सुकी मासळी बंद. पाणीसुद्धा पेल्याने मापून. सगळा जन्म पाण्यावर काढलेल्या माणसाला घोट घोट मोजून पाणी देताना अनुजाची आई, मथुराबाई, तोंड फिरवायची.

मिरगाच्या सुमारास तांडेलाने सांगून टाकलं, "आता पुरे. त्या खाटीवर माका मराचा नाय." आणि जायचाच थांबला. पाय सुजले, श्वास लागला, पण भिंतीकडे केलेलं तोंड फिरेना. अशात मुंबईचा एक पुतण्या आला. त्याच्या मोबाइलवर कुठल्यातरी थंड देशातली होडी बंदराबाहेर पडत होती. गेमच तो. तांडेल कोपरावर उठून बसला.

"ह्या कोण चालवता?"

"आपणच चालवूचा असता, काका. पण तेका मोठो कॉम्प्युटर लागता."

तांडेल बराच वेळ बघत राहिला. मग मुलीला म्हणाला, "अनू, माका ह्या एकदा चालवूक दी. एकदा होडी भायर काढतंय, परत आणून बांधतंय. मगे माका सुयांकडे न्हेवचा नाय. कबूल?"

"आणि तवसर?"

"तवसर मशीन चुकवूचंय नाय. तांडेलाचो शब्द."

आता बघा पंचाईत! कॉम्प्युटर झाला की बाप गेला. होणारच नाही असं दिसलं, तरी बाप गेला. म्हणजे काम चालू तर राहिलं पाहिजे, पण पुरं होता कामा नये. अनुजा त्या स्टुलावर बसली होती ती हे गाठोडं पोटात घेऊन. आणि समोरचा वालावलकर बिचारा विचारत होता, "सुरुवात खंयसून करूया?"

"सावकाश करूया," अनुजा म्हणाली. "माका घाई नाय."

बाप मशीनवर असायचा तो वेळ मग दुकानात जाऊ लागला. दर मंगळवारी, दर शुक्रवारी. एकेका भागासाठी वाद.

"प्रोसेसर मधलोच घेवया. उरलेले पैसे कार्डाक ठेवूचे. लाटा काढतला ता कार्डच." त्याने काउंटरवरचा स्वतःचा कॉम्प्युटर वळवून दाखवला. त्याच्या एका बाजूला काच होती. आतलं ग्राफिक्स कार्ड वजनाने वाकू नये म्हणून लाल दोऱ्याने वर ताणून बांधलेलं.

"ह्यो दोरो कसलो?"

"लक्ष्मीनारायणाच्या जत्रेतलो. आधाराक विकत पट्टी मिळता, पण देव फुकट सांभाळता तर पट्टी कशाक?"

"कार्ड सांभाळूक देवाक बसवलास?"

"माझ्याकडे दुसरा सांभाळण्यासारख्या काय आसा?" तो म्हणाला आणि तिच्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिला. अनुजाने उगाच बाहेरच्या पागोळ्या मोजायला घेतल्या.

मग पॉवर सप्लायवरून भांडण. तिला स्वस्तातला हवा होता. तो ऐकेना. "देवबागची लाइट म्हंजे आली तर आली. पोटच बिघाडला तर डोक्या काय करतला? ह्यात काटकसर करूक मी देवचंय नाय." मग कॅबिनेट. हे नको, याला पत्रा पातळ. ते नको, त्यात लग्नातल्यासारखे दिवे. तिसऱ्याला गंज धरेल. गंजाचं खोटं नव्हतं हां! देवबागेत खिडकीचे गजसुद्धा खाऱ्या वाऱ्याने पापुद्रे टाकतात. कौस्तुभने सगळं मनावर घेतलं. दर्याकडची खिडकी नसलेल्या खोलीत ठेवायचा, हवेच्या भोकांना बारीक जाळी लावायची, असं करत त्याने प्रत्येक हरकतीवर तोड काढली. तो तोड काढायचा तसतशी ती घाबरायची.

"तुमका माझा काय्येक पसंत पडणा नाय," तो एकदा हिरमुसून म्हणाला.

"पडता..."

"काय पडता?"

"ता सांगणंय नाय."

हे ती काय बोलून गेली! कानाच्या पाळ्या तापल्या. तो मात्र दिवसभर शिट्टी वाजवत असणार, याची तिला खात्री होती.

मॉनिटर जुना मिळेल, पण थोडं थांबावं लागेल, तोवर माझा उसना न्या, असं त्याने सुचवलं तेव्हा ती चटकन म्हणाली, "उसना नको. बाबांचो नेम आसा." आणि मग तिने ती नारळी पौर्णिमेची गोष्ट सांगितली. दर्या उघडला, वाडीतल्या सगळ्या होड्या नारळ वाहून निघाल्या, आणि तांडेलाची होडी वाळूतच. का? तर नांगर शेजाऱ्याचा होता. उसन्या सामानावर हंगामाची पहिली फेरी मारायची नाही, आणि चुकून मारली तर ती फेरी धरायचीच नाही. स्वतःचा नांगर मालवणहून येईपर्यंत माणूस वाळूत बसून राहिला, लोक हसले तरी.

"भारी माणूस," कौस्तुभ म्हणाला. "भेटूक व्हयो."

अनुजा छत्री शोधायला लागली.

एका शुक्रवारी तिने विचारलं, "मदरबोर्ड इलो?"

"खंय! मुंबयची बस रात्री येता, सकाळी पार्सल उतारता. पण ह्या पावसात... बघूया मंगळवारी." आणि बोलताना त्याने पायाने काहीतरी काउंटरखाली सरकवलं. अनुजाने वाकून ओढणी सावरली, तेव्हा तिला खोक्याचा कोपरा दिसला. मुंबईच्या बसची चिठ्ठी त्यावर अजून ओली होती.

म्हणजे हा पण...!

ती छत्री घेऊन बाहेर पडली तर पाऊस गोड वाटत होता. दवाखान्याच्या पायरीपर्यंत तो गोडवा टिकला. आत बाप पांढरा पडून झोपला होता, नळ्यांतून रक्त फिरत होतं, आणि अनुजाला आठवलं की आज सकाळी आरशासमोर आपण दोनदा टिकली बदलली. बापाच्या हातात सुया टोचतात त्या दिवसाची वाट बघणारी मुलगी! तिला स्वतःची इतकी किळस आली की बाकावर बसून तिने तोंडात ओढणी कोंबली. पण मंगळवार उजाडला, तेव्हा टिकली पुन्हा बदललीच. मन म्हणजे असंच असतं, त्याला कोण विचारणार?

हळूहळू सगळं जमलं. राहिलं फक्त कार्ड. नव्याची किंमत आवाक्याबाहेर, आणि जुनी येत ती रात्रंदिवस राबवून जळायला आलेली. "कार्ड मिळणा नाय," असं कौस्तुभ म्हणाला की अनुजाचा चेहरा उजळायचा. त्याला ते दिसायचं. त्याने त्याचा अर्थ काय लावला असेल, हे सांगायला नको.

आणि मग तो रविवार.

श्रावणातलं ऊन-पाऊस चाललं होतं. मथुराबाई चुलीवर पेज ढवळत होती, तांडेल पडवीत आरामखुर्चीत. कुंपणाच्या फाटकाशी, बेड्यासमोर, एक व्हॅन थांबली. खोकं छातीशी धरून कौस्तुभ उतरला, नवा शर्ट, भांग पाडलेला.

"कार्ड मिळाला!" तो लांबूनच ओरडला.

अनुजाच्या हातातलं तांदळाचं सूप निसटलं. दाणे अंगणभर झाले.

त्याला वाटलं, आनंदाने. तो आत आला, तांडेलाच्या पाया पडला, "मी वालावलचो कौस्तुभ" म्हणाला. तांडेलाने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "गोड्या पाण्याचो माणूस," एवढंच बोलला. पण त्याचे डोळे खोक्यावर होते. अनुजा मध्ये पडली, "आज नको, लाइट जातली, बाबा दमले आसत..." तांडेलाने नुसता हात वर केला. होडीवर तो हात वर झाला की खलाशी गप्प व्हायचे. तीही गप्प झाली.

आतल्या खोलीत जोडणी झाली. पडद्यावर राखाडी पाणी उघडलं, बर्फाचे डोंगर, लाकडी धक्का, त्याला बांधलेली होडी. कौस्तुभने तांडेलाच्या उजव्या हातात खेळायचं यंत्र दिलं, बटणं समजावली. तांडेलाने होडी धक्क्यावर दोनदा आपटली, स्वतःलाच एक शिवी दिली. मग तिसऱ्यांदा दोर सुटला आणि होडी हळूच पाण्यावर आली.

"वारो खंयसून आसा?"

"ह्या बाणावर कळता, तांडेलानू."

"बाण नको. पाण्यावर दिसता."

बंदराच्या तोंडाशी लाट फुटत होती. तांडेल थांबला. एक लाट जाऊ दिली, दुसरी जाऊ दिली, आणि तिच्या पाठीवर होडी घालून बाहेर! फेस पडदाभर उसळला. मथुराबाईने पदर तोंडाला लावला. किती तरी महिन्यांनी तो माणूस ताठ बसला होता.

"ह्या पाणी कोणी केल्यान?" त्याने विचारलं. "तेका दर्या म्हायत आसा."

तो लांबवर गेला. जमीन दिसेनाशी झाली तेव्हा इंजिन बंद करून नुसता डुलत राहिला. मग त्याने होडी वळवली, परत आणली, धक्क्याला लावली, दोर बांधला. यंत्र मांडीवर ठेवलं.

"झाला," तो म्हणाला. "अनू, माझा झाला."

अनुजा बाहेर धावली. खळ्याच्या कडेला माडाच्या झापांखाली ओढून ठेवलेल्या बापाच्या होडीपाशी कौस्तुभने तिला गाठलं. तो अजून हसत होता.

"अनुजा, माका तुमका एक सांगूचा होता... मी मुद्दाम उशीर करी होतंय. मदरबोर्ड येवन पडलो होतो, मी लपवलंय. म्हटला, काम झाला तर तुमी येवच्यास नाय. पण मगे वाटला, ही लबाडी. म्हणान आज सगळा पुरा करून—"

"तुमी माझ्या बापाशीक मारलास!"

त्याचं हसू तसंच राहिलं आणि मग हळूहळू विझलं. तिने रडत, अडखळत सगळं सांगितलं. शब्द, अट, मंगळवार-शुक्रवार. ऐकता ऐकता त्याने होडीचा काठ धरला.

"माका कित्याक सांगूक नाय?"

"काय सांगतलंय? बाप मरता म्हणान कॉम्प्युटर करू नको? तुमी हसत होतास... माका थंय वायंच हसूक मिळा. ताच एक मिळा." तिने डोळे पुसले. "आणि खोक्या मी बघलंय. त्याच दिवशी बघलंय."

"मगे?"

"मगे काय? बरा वाटला माका. म्हणानच माका माझो राग येता. जावा तुमी."

तो गेला. आभाळ भरून आलं होतं, आणि अंगणातले तांदळाचे दाणे कोंबड्यांनी टिपून टाकले होते.

सोमवार गेला. मंगळवारी सकाळी रिक्षा बेड्यापाशी येऊन उभी राहिली. तांडेल उठला नाही.

"शब्द म्हंजे शब्द," भिंतीकडे तोंड करून तो म्हणाला. "रिक्षावाल्याक परत धाड."

अनुजाने पाय धरले. मथुराबाई डोकं आपटायला निघाली. तांडेलाचे डोळे भरले, पण मान हलली नाही. अशात मोटरसायकलचा आवाज आला, आणि नखशिखांत भिजलेला कौस्तुभ दारात. हातात फक्त स्क्रू-ड्रायव्हर. कोणाशी न बोलता तो आतल्या खोलीत गेला, कॉम्प्युटर उचलून तांडेलाच्या खाटेशी आणला आणि त्याची बाजू उघडली.

"तांडेलानू, वायंच हिकडे बघा."

"आता काय बघू?"

"ह्या कार्ड तुमचा नाय. माझा आसा. उसना घातलंय."

अनुजाने वाकून पाहिलं. आत, त्या सगळ्या तारांमध्ये, कार्ड लाल दोऱ्याने वर बांधलेलं होतं. जत्रेतला दोरा. तो तिने किती मंगळवार-शुक्रवार काचेतून पाहिला होता! म्हणजे दुकानातला त्याचा कॉम्प्युटर आता रिकामा पडला होता. रविवारी दारात नवा शर्ट घालून उभा राहिला तो स्वतःच्या जवळचं एकुलतं एक सांभाळण्यासारखं काढून घेऊन.

तांडेल सावकाश वळला. "उसना?"

"होय."

"मेल्या!" खोली दणाणली. एवढा आवाज त्या छातीत उरलाय हे कोणाला ठाऊक नव्हतं. "उसन्या इंजिनावर माका भायर धाडलंस? सत्यवान तांडेलाक?"

"चुकलंय."

"ती फेरी धरूची नाय!"

"नाय धरूची," कौस्तुभ मान खाली घालून म्हणाला. "तुमचा कार्ड येवचा आसा. ता इला की मगे तुमची फेरी."

तांडेल त्याच्याकडे बघत राहिला. मग त्या लाल दोऱ्याकडे. मग मुलीच्या तोंडाकडे, तिथे जे काही दिसत होतं त्याकडे. होकायंत्राशिवाय वाट ओळखणारा माणूस तो, त्याला एवढंसं कळणार नाही?

"कधी येतला?"

"मुंबयच्या बसवर आसा सगळा... पावसाचे दिवस..."

"हूं." तांडेलाने हात पुढे केला. "उठव माका. मथुरा, रिक्षावाल्याक थांबूक सांग."

त्यानंतरचे दिवस अनुजाच्या मनात अजून वेगळे काढून ठेवलेले आहेत. मंगळवार-शुक्रवार आता लपूनछपून नव्हते. बाप मशीनवर असताना दोघं दवाखान्याच्या बाकावर बसायची, एका डब्यातलं खायची. रविवारी कौस्तुभ देवबागेत. तांडेल त्याला पाणी वाचायला शिकवायचा आणि पडद्यावर होडी आपटली की शिव्या द्यायचा. "कार्ड इला काय रे, गोड्या पाण्या?" "नाय, तांडेलानू." "बरा, बरा. सावकाश येवंदे." कोणी कोणाला फसवत नव्हतं. चौघांनाही सगळं ठाऊक होतं, आणि चौघंही गप्प होती.

नारळी पौर्णिमेला कौस्तुभने त्याला खुर्चीसकट उचलून वाळूपर्यंत नेलं. नारळ तांडेलानेच टाकला. हाताला जोर नव्हता. नारळ पायाशीच पडला, आणि लाटेने येऊन नेला.

पण शरीर कोणाच्या शब्दाला बांधलेलं नसतं. गणपतीला थोडे दिवस होते. शुक्रवारी मशीनवरून परत येताना रिक्षा कट्टा गावच्या बाजारातून चालली होती, गणपतीवर टांगायच्या माटवीचं सामान मांडलेलं होतं, आणि तांडेल मुलीच्या खांद्यावर डोकं टाकून हळूहळू काहीतरी बोलला. अनुजाने ऐकून घेतलं. "गप रवा बाबा," म्हणाली. रविवारी पहाटे मथुराबाई पाण्याचा पेला घेऊन गेली तर तो घ्यायला माणूस नव्हता. तोंड भिंतीकडे नव्हतं, दर्याकडे होतं.

त्या वर्षी घरात गणपती आला नाही. सगळी वाडी टाळ-मृदंगाने घुमत होती आणि तांडेलाच्या पडवीत एक पणती. कौस्तुभ खांदा द्यायला आला, तेराव्याला आला, माणसांत मागे बसला, गेला. अनुजाशी एक शब्द नाही. काय बोलणार? कार्डाचं निमित्त संपलं होतं.

सगळं आटोपल्यावर एका दुपारी अनुजाने कॉम्प्युटर उघडला. लाल दोरा सोडला, कार्ड काढून दोऱ्यासकट बापाच्या धुतलेल्या पंच्यात गुंडाळलं, आणि कुडाळची एसटी पकडली.

दुकानात तो एकटाच होता. काचेच्या कॉम्प्युटरमध्ये कार्डाची जागा अजून मोकळी होती. तिने पंचा काउंटरवर ठेवला.

"घ्या. तुमचा तुमका."

"माका नको."

"बाबांनी सांगलेला. रिक्षेत. 'तेचा कार्ड तेका परत दी. उसना घरात ठेवू नको.' त्यांचो नेम मी मोडूचंय नाय."

"आणि मी घेवचंय नाय." त्याने पंचा तिच्याकडे सरकवला. "ता मी उसना म्हणान दिलेलंय खंय? त्या दिवशी तेंका उठवूक म्हणान तसा बोललंय. मी दिलंय ता... दिलंय. परत घेवचा नसता असला."

अनुजा उभी राहिली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसतही नव्हती.

"नक्की घेवक नाय?"

"नाय."

"बघ हां," ती म्हणाली. तुमी कधी गेलं, तू कधी आलं, तिलाही कळलं नाही. "कारण बाबा आणखी एक बोलले होते."

"काय?"

"म्हणाले... 'तो घेवक तयार नसलो, तर कार्ड परत आण. आणि कार्डावांगडा तेकाय घेवन ये.'"

पंच्याच्या घडीवर हात ठेवून कौस्तुभ तसाच उभा राहिला, मग मान खाली गेली, आणि खांदे हलायला लागले. अनुजाने काउंटरवरून हात पुढे करून त्याचा हात धरला. दोघांच्या हातांखाली ते कार्ड होतं.

थोड्या वेळाने त्याने तोंड धुतलं. अनुजाने कार्ड पुन्हा पंच्यात नीट गुंडाळलं, लाल दोरा वर बांधला आणि पिशवीत ठेवलं. त्याने दुकानाचं शटर ओढलं. कट्ट्यावरून जाणारी मालवणची बस लागायला अजून वेळ होता, पण दोघंही स्टँडवर जाऊन उभी राहिली.